आशियात दुसरा क्रमांक : सातारा जिल्ह्यातील एक भ्रमंती

शुक्रवार : लिंब, सातारा

महाराष्ट्रातील कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी गेले, की ‘आशिया खंडात दुसऱ्या क्रमांकाचे’ असे काही ना काही तेथे असतेच. पहिल्या क्रमांकाचे कोठे आहे हे मात्र विचारू नये. सांगणारा लगेच घोड्याच्या फेरीचे दर सांगू लागतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात कराडचे दाजी, वनस्पतिशास्त्र शिकणारी त्यांची मुलगी आणि मी असे तिघे सातारा जिल्हा हिंडायला निघालो, तेव्हा असले क्रमांक बाजूला ठेवायचे आणि येथे दिसलेली गोष्ट जगात आणखी कोठे, कोणत्या रूपात आढळते एवढेच आठवत जायचे, असे ठरले. दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे पाण्याचा विषय निघाला की गाडी हमखास थांबणार, हेही गृहीत धरलेले होते.

साहजिकच पहिला थांबा विहिरीचा झाला. महामार्ग सोडून थोडे आत गेले, की लिंब गावच्या हद्दीत शेरेवाडीजवळ बारा मोटेची विहीर लागते. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत ती बांधून घेतली. विहीर अष्टकोनी असून खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट आहे, आणि तिच्या पोटातच एक दगडी महाल आहे. नावात मोटा बारा असल्या तरी मोटांच्या जागा पंधरा भरतात. भाचीने मोट कधी पाहिलेली नव्हती, म्हणून दाजींनी काठावर उभे राहून ती तिला समजावून सांगितली : बैल धावेवरून उतरणीला लागले की नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ताणला जातो आणि पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येऊ लागते, सोंदूर, म्हणजे सोंडेला बांधलेला बारीक दोर, तोपर्यंत तिच्या सोंडेचे तोंड वर धरून ठेवतो आणि मोट वर पोहोचताच सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, ओढली जाऊन पाणी पाटाला लागते. अशा पंधरा जोड्या एकाच वेळी चालत असतील तेव्हा तेथे किती गलबला होत असेल, याचा विचार आम्ही महालाच्या गारव्यात बसून केला.

या विहिरीची आठवण करून देणारी एक विहीर इटलीत आहे. १५२७ मध्ये रोम शहराची लूट झाल्यावर पोप सातवे क्लेमेंट ओर्व्हिएतो या डोंगरमाथ्यावरील गावी आश्रयाला गेले. वेढा पडलाच तर तहानेपोटी शरण जाण्याची वेळ येऊ नये, म्हणून त्यांनी अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाला विहीर खोदण्यास सांगितले, आणि सुमारे ५३ मीटर खोलीची ती विहीर १५३७ मध्ये पूर्ण झाली. तिच्या भिंतीतून दोन वर्तुळाकार जिने एकमेकांभोवती वळसे घेत खाली जातात. प्रत्येकाला २४८ पायऱ्या आहेत आणि तळाशी असलेल्या पुलाखेरीज दोन्ही जिने कोठेही एकमेकांना मिळत नाहीत. पाणी आणणारी खेचरे एका जिन्याने उतरत आणि दुसऱ्याने चढत, त्यामुळे वाटेत समोरासमोर येऊन खोळंबा होत नसे. दाजींचा कौल तरीही लिंबकडेच पडला. जनावराला पाण्यापर्यंत नेण्यापेक्षा पाणी जनावरापर्यंत आणणे केव्हाही किफायतशीर, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता.

साताऱ्यात संध्याकाळ पेढे घेण्यात आणि चार भिंतींच्या हुतात्मा स्मारकापर्यंत चढून जाण्यात गेली. तेथे मला रंगो बापूजी आठवल्याशिवाय राहत नाहीत. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी ते लंडनला गेले आणि तेथे चौदा वर्षे राहिले. दरम्यान महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, १८४८ मध्ये डलहौसीने सातारचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा केले, तरी हा वकील कंपनीच्या दारात कैफियती घालतच राहिला. एका दाव्यापायी इतका दीर्घ परदेशवास केलेला दुसरा मराठी माणूस मला तरी ठाऊक नाही.

शनिवार : कास

कासचे पठार साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरांवर, बाराशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांपैकी हे एक. आगाऊ नोंदणी केलेली असल्यामुळे सकाळी लवकर आत जाता आले, आणि धुके विरेपर्यंत गर्दीही बेताची होती. गुलाबी तेरडा, पांढरे गेंद आणि पिवळी सोनकी यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. भाची मात्र वाटेच्या कडेला गुडघे टेकून भिंगातून खडकाकडेच पाहत बसली होती.

तिचे बरोबर होते, कारण कासचे मर्म खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाच्या माथ्यावर ऊन-पावसाच्या माऱ्याने जांभ्याचे कवच तयार झाले. त्यावर मातीचा थर कोठे बोटभर, कोठे तेवढाही नाही. पावसाळ्यात पाणी तुंबून राहते, हिवाळा संपता संपता सगळे करपून जाते, आणि पोषक द्रव्ये धुऊन गेल्यामुळे नत्राची कायमची वानवा असते. येथे वृक्षाला थारा नाही. म्हणूनच चिमुकल्या फुलझाडांना मोकळे रान मिळाले. फुलझाडांच्या साडेआठशेहून अधिक जाती या परिसरात नोंदल्या गेल्या आहेत. नत्राची तूट भरून काढण्यासाठी त्यांतील काहींनी किडे खाण्याचा मार्ग धरला.

भिंगाखाली दवबिंदूचे रोप होते. पानाच्या कडांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट द्रवाचा चमकणारा थेंब. एका थेंबाला चिलटासारखा किडा चिकटलेला होता. त्याने पाय ओढला की शेजारचा थेंब त्याला लागे, आणि सुटण्याच्या धडपडीतच तो अधिकाधिक अडकत होता. चार्ल्स डार्विन या वनस्पतीच्या इतके नादी लागले होते, की प्रजातींच्या उगमाचा सिद्धान्त प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८६० मध्ये, त्यांनी लायेल या भूगर्भशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात आपल्याला सध्या सर्व प्रजातींच्या उगमापेक्षा दवबिंदूचीच अधिक काळजी असल्याचे कळवले. त्याच खडकावरील ओलीत सीतेची आसवे फुलली होती. निळ्या-जांभळ्या फुलाकडे पाहून संशयही येणार नाही, पण जमिनीखाली या रोपाला सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीतले पाणी बाहेर टाकून रोप आत पोकळी निर्माण करते; एखाद्या सूक्ष्म जीवाचा दाराच्या केसांना धक्का लागला की दार उघडते आणि पाण्यासकट तो आत खेचला जातो. या साऱ्याला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. वनस्पतींच्या जगातील सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते, आणि ती आपल्या पायाशी चालू असताना पठारावरचे बहुतेक लोक स्वतःची छबी टिपण्यात गुंतलेले होते.

पुढे टोपली कारवीची गोल झुडपे लागली. ती यंदा नुसतीच हिरवी होती. ‘फुले कोठे आहेत?’ असे एका कुटुंबाने तेथील स्वयंसेवकाला जरा तक्रारीच्या सुरात विचारले, आणि सात वर्षांनी येतात असे कळल्यावर तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखे चेहरे केले. मला मात्र फुललेल्या कारवीपेक्षा न फुललेली कारवी अधिक विचार करायला लावते. वर्षे मोजायला तिच्याजवळ ना पंचांग ना घड्याळ, तरी आसपासची बहुतेक सगळी झुडपे एकाच हंगामात फुलतात. केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांतील नीलकुरिंजी हे कारवीच्याच कुळातील. ती बारा वर्षांनी फुलते. २००६ आणि २०१८ मध्ये मुन्नारचे उतार निळे झाले होते. मिझोराममधील मौताक जातीचा बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलतो, आणि तेथे त्या फुलोऱ्याची वाट पाहिली जात नाही, धास्ती घेतली जाते. बांबूच्या मुबलक बियांवर उंदीर पोसतात, त्यांची बेसुमार वाढ होते, आणि बी संपले की ते भाताच्या शेतांवर तुटून पडतात. १९५९ च्या फुलोऱ्यानंतर तेथे दुष्काळ पडला. मदतीसाठी स्थापन झालेल्या मिझो दुष्काळ आघाडीचेच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाले, १९६६ मध्ये बंड झाले आणि करार व्हायला १९८६ साल उजाडले. बांबूच्या फुलोऱ्याने एका प्रदेशाच्या राजकारणाला असे वळण दिल्याचे उदाहरण अन्यत्र सहसा सापडणार नाही.

भाचीने यात अमेरिकेतील सिकाडांची भर घातली. या किड्यांची पिल्ले जमिनीखाली झाडांच्या मुळांचा रस पीत राहतात आणि जातीप्रमाणे तेराव्या किंवा सतराव्या वर्षी अब्जावधींच्या संख्येने बाहेर पडतात. पक्ष्यांनी पोट फुटेपर्यंत खाल्ले तरी उरलेले किडे वंश चालवायला पुरतात. एकाच वेळी उगवण्याचा लाभ तो हाच, आणि कारवी-बांबूंच्या बियांनाही बहुधा तोच मिळत असावा. २०२४ मध्ये तेरा वर्षांचा एक मोठा थवा आणि सतरा वर्षांचा एक थवा एकाच उन्हाळ्यात बाहेर आले. हे दोन थवे याआधी एकत्र आले होते ते १८०३ मध्ये, म्हणजे इकडे असईची लढाई झाली त्या वर्षी.

रविवार : पाचगणी, महाबळेश्वर

पाचगणीच्या टेबल लँडवर पाय ठेवताच अपेक्षेप्रमाणे ‘आशियातले दुसरे मोठे पठार’ कानी आले. पहिले तिबेटचे, असे या वेळी उत्तरही मिळाले. तिबेटच्या पठाराचे क्षेत्र सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि टेबल लँड शंभर एकरांच्या आत-बाहेर. दख्खनचे पठार, ज्याचा हा एक तुकडा आहे, त्या बिचाऱ्याला या स्पर्धेत क्रमांकच नाही. खरे कौतुक करायचे तर पायाखालच्या जांभ्याचे करावे. या दगडाचे शास्त्रीय वर्णन प्रथम फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ मध्ये केले, ते केरळातील अंगडीपुरम येथे. जमिनीत असताना तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवेत ठेवला की कठीण होतो. कोकणातली घरे त्याची, आणि कंबोडियातील अंगकोरच्या मंदिरांचे वरचे कोरीव काम वालुकाश्माचे असले तरी पाया आणि आतला गाभा बऱ्याच अंशी जांभ्याचाच.

पाचगणीतल्या एका शाळेत झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बल्सारा नावाचा पारशी मुलगा शिकायला होता. १९५८ च्या सुमारास त्याने येथेच मित्रांबरोबर पहिले वाद्यवृंद-मंडळ काढले. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. त्याच्या झांझिबारच्या नावावर इतिहासातील सर्वांत छोटे युद्ध आहे. २७ ऑगस्ट १८९६ रोजी सकाळी नऊच्या सुमारास ब्रिटिश नौकांनी सुलतानाच्या राजवाड्यावर तोफा डागल्या आणि पाऊण तासाच्या आत सारे संपले. पाचगणीहून महाबळेश्वरला जायला आम्हांला वाहनांच्या रांगेमुळे त्याहून अधिक वेळ लागला.

वाटेत एका शेतात स्ट्रॉबेरीची लागण चालू होती. गादीवाफ्यांवर ताणून बसवलेल्या प्लास्टिकच्या कागदाला ठरावीक अंतरावर भोके पाडलेली होती आणि बायका ओणव्या होऊन एकेका भोकात रोप बसवत होत्या. या फळाची कुळकथा नवलाची आहे. १७१४ मध्ये फ्रेझिए नावाचा फ्रेंच अभियंता चिलीतील स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करून परतला. येताना त्याने तेथील मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी आणली. सहा महिन्यांच्या जलप्रवासात पाच रोपे तगली, आणि ती सगळी निघाली मादी. फ्रान्समध्ये ती वाढली, पण फळ धरीनात. पुढे उत्तर अमेरिकेतून आणलेली दुसऱ्या जातीची स्ट्रॉबेरी शेजारी लावल्यावर परागीभवन झाले आणि दोन खंडांच्या त्या संकरातून आजची बागायती स्ट्रॉबेरी युरोपात जन्मली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाबळेश्वरला परक्या हातांचा लाभ आधीही झाला होता : १८३४ ते १८६४ या काळात येथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि हे कैदी बटाटे आणि भाजीपाला पिकवून गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांना पुरवीत.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात दुपारी पोहोचलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानतात. दाजी दर्शन घेऊन बाहेर आले ते सावित्रीचा विषय काढूनच. कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेची वाट धरतात. सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला झेप घेऊन बाणकोटला अरबी समुद्रात जाते. अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरांवर उगम पावलेली कृष्णा त्याकडे पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. ॲमेझॉनचेही असेच आहे : तिचे उगमाकडील प्रवाह प्रशांत महासागरापासून दोनशे किलोमीटरांच्या आत आहेत आणि नदी जाते ती खंड ओलांडून अटलांटिकला.

याहून गमतीची जागा अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, टू ओशन पास नावाच्या खिंडीत आहे. तेथे डोंगरावरून येणारा एकच ओढा दुभंगतो. त्याचा एक फाटा सुमारे २,१७७ किलोमीटर वाहत प्रशांत महासागराला, तर दुसरा सुमारे ५,६१३ किलोमीटर वाहत अटलांटिकला मिळतो. या ओल्या खिंडीतून ट्राउट मासे प्रशांताच्या बाजूने चढून अटलांटिकच्या बाजूला उतरले, असे शास्त्रज्ञ मानतात. महाबळेश्वरच्या कड्यावरून मासा असा ओलांडून जाणे शक्य नाही, पण पाणी ओलांडून जाते; ते कसे, हे उद्या दाखवीन, असे सांगून दाजींनी आम्हांला ताटकळत ठेवले.

सोमवार : कोयनानगर, कराड

पहाटे निघून मेढा, सातारा, उंब्रज, पाटण असे कोयनानगरला पोहोचलो. येथवर कोयना सह्याद्रीच्या रांगेला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे येते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे १०५ टीएमसीचा, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचा, शिवसागर जलाशय पसरलेला आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी येथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. दाजी तेव्हा कराडला लहान होते. भांडी फळीवरून कोसळल्याचा आवाज आणि त्यानंतर थंडीत अंगणात काढलेल्या रात्री त्यांना आठवतात. दख्खनचा कातळ अढळ आहे, अशी तोवरची समजूत होती. धरणात पाणी साठू लागल्यापासून लहान धक्के जाणवत होतेच. जलाशयामुळे चाळवला गेलेला, आजवर ज्ञात असलेल्यांतील हा सर्वांत मोठा भूकंप मानला जातो. त्याआधीच्या सहा वर्षांत चीनमधील शिनफेंगजिआंग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या धरणांपाशीही सहाहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले होते. धरण भूकंप घडवीत नाही, हे दाजी आवर्जून सांगतात. भूगर्भातील भेगेवर ताण आधीपासूनच साठलेला असतो. वरचे पाणी झिरपून भेगेतील दाब वाढला, की एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या खडकांची पकड सैल होते. याचा पडताळा डेन्व्हरमध्ये अजाणतेपणी मिळाला. तेथील लष्करी कारखान्याचे सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरांहून खोल विहिरीत दाबून सोडले जात होते. जमीन हादरू लागली, पाणी सोडणे बंद केल्यावरही धक्के थांबले नाहीत, आणि त्यांतले मोठे बसले ते याच १९६७ मध्ये.

कोयनेची भेग जवळून तपासण्यासाठी केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला संशोधन प्रयोगशाळा उभारली असून या परिसरात तीन किलोमीटर खोल वेधनछिद्र घेतले आहे. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळ्या पाषाणाचे थर संपले आणि थेट ग्रॅनाइट लागला; मध्ये गाळाच्या खडकाचा पापुद्राही नाही. लाव्हा पसरण्यापूर्वी साताऱ्याची जमीन कशी होती, हे अशा रीतीने प्रथमच हाती आले. याहून खोल जाण्याचा विक्रम रशियातील कोलाच्या छिद्राचा आहे : १२,२६२ मीटर खोल आणि रुंदी जेमतेम वीतभर. तेथे तापमान १८० अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याने काम थांबवावे लागले. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे अंतर ६,३७१ किलोमीटर आहे हे लक्षात घेतले, तर माणसाने अजून तिची साल पुरती सोललेली नाही.

उन्हे कलल्यावर कराडच्या प्रीतिसंगमावर आलो. कृष्णा उत्तरेकडून आणि कोयना समोरून येऊन येथे एकमेकींना भिडतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीचे दर्शन घेऊन घाटावर बसल्यावर दाजींनी कालचे कोडे उलगडले. शिवसागरातील बरेचसे पाणी या संगमापर्यंत येतच नाही. सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून ते पश्चिमेला पोफळीच्या बाजूला नेऊन वीजघरांवर सोडले जाते. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. १९९९ आणि २०१२ मध्ये तर नॉर्वेत रुळलेले तंत्र वापरून, जलाशय रिकामा न करता, तळाखालचा शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाण्याला बोगद्यात वाट करून दिली गेली. कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असे पश्चिमेला वळवण्यास मुभा दिलेली आहे. महाबळेश्वरला जो थेंब पूर्वेच्या उतारावर पडला आणि ज्याने बंगालच्या उपसागराची वाट धरली होती, तो अर्ध्या रस्त्यातून परतून वासिष्ठीमार्गे दाभोळला अरबी समुद्रात जातो. चिपळूणजवळ वासिष्ठी ऐन उन्हाळ्यातही वाहती दिसते ती वीजघरांतून बाहेर सोडलेल्या या पाण्यामुळे, म्हणजे अवजलामुळे, आणि ते समुद्रात सोडण्याऐवजी कोकणाला द्यावे की मुंबईला न्यावे, याचा वाद दाजी नोकरीला होते तेव्हाही चालू होता.